‘मध्ययुगीन’ जपानचे वावडे कोणाला?

एखाद्या गोष्टीची निर्भर्त्सना करावयाची असली की आपल्याकडील अग्रलेखांत एक विशेषण हमखास अवतरते – ‘मध्ययुगीन’! मध्ययुगीन मानसिकता, मध्ययुगीन अंधार, मध्ययुगाकडे नेणारी पावले. शब्द एकदा भिरकावला की पुढे युक्तिवादाची गरज उरत नाही. वस्तुतः हा शब्द युरोपच्या घरचा. रोमचे साम्राज्य कोसळल्यापासून ग्रीक-रोमन विद्येचे पुनरुज्जीवन होईपर्यंतच्या काळाला तेथील पंडितांनी दिलेले ते नाव. त्यांच्या इतिहासाचा तो अंगरखा त्यांना बेतशीर बसत असेलही. पण तोच अंगरखा साऱ्या आशियाच्या अंगावर चढवण्याचा अट्टहास कशासाठी?

या मंडळींचे आवडते उदाहरण म्हणजे जपान. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत श्रीरामाची प्राणप्रतिष्ठा झाली, तेव्हाही हा उपदेश मुक्तहस्ते वाटला गेला. जपानने १८६८ साली आपले मध्ययुग फेकून दिले, आगगाड्या आणि कारखाने उभारले, म्हणून तो पुढे गेला. आणि तुम्ही मात्र देवळे बांधत बसा! ऐकणाऱ्याला प्रथमदर्शनी पटावे असेच हे वाक्य आहे. अडचण एवढीच की, ते खोटे आहे.

आपल्या सुशिक्षित घरांत जपान येतो तो हिरोशिमा, टोयोटा आणि बुलेट ट्रेन या तीन शब्दांत. त्यामागच्या काळाची ओळख हॉलिवूडने करून द्यायची. २००३ साली ‘द लास्ट सामुराई’ आला. त्यात जपानी क्षात्रधर्माचे मर्म उलगडून दाखवायला टॉम क्रूझ लागला. २०२४ सालच्या ‘शोगुन’ मालिकेने १८ एमी पुरस्कार पटकावले. ती बहुतांशी जपानी भाषेत होती, हे मान्य केले पाहिजे. पण गोष्टीचे दार उघडायला तेथेही एक इंग्रज खलाशी होताच. तलवार, पोट फाडून घेणे आणि चेरीची फुले एवढ्यावर आपले जपानविषयीचे ज्ञान संपते. नारा, कामाकुरा, क्योतो येथे कोणती माणसे होऊन गेली आणि त्यांनी काय केले, हे विचारावे तर सारे गप्प!

दग्ध नारा

१२व्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये ताइरा आणि मिनामोतो या दोन योद्धाकुळांत सत्तेसाठी युद्ध पेटले. नारा येथील मठांनी ताइरांच्या विरोधकांची बाजू घेतली म्हणून ताइरा नो शिगेहिरा हा सेनापती त्या नगरीवर चालून गेला. जपानी पंचांगाप्रमाणे ११८०च्या शेवटच्या महिन्यात, म्हणजे आजच्या गणनेने जानेवारी ११८१मध्ये, तोदाइजी आणि कोफुकुजी ही दोन महामंदिरे जळाली. तोदाइजीतील महाबुद्धाची ब्राँझची प्रचंड मूर्ती वितळून तिचे मस्तक खाली पडले. ही तीच मूर्ती, जिचे नेत्रोन्मीलन ७५२ साली बोधिसेन नावाच्या दक्षिण भारतीय ब्राह्मण भिक्षूने केले होते.

आग लावणारा परकी नव्हता, परधर्मीही नव्हता. तो जपानीच होता आणि बुद्धालाच मानणारा होता. हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, जपानी इतिहासकार ते लपवीत नाहीत.

पुढे काय झाले? ‘झाले गेले विसरून तेथे धर्मशाळा किंवा रुग्णालय बांधा’ असा सल्ला देणारे विद्वान त्या काळच्या जपानमध्ये असतील तर इतिहासाने त्यांची नोंद ठेवलेली नाही. नोंद आहे ती चोगेन नावाच्या भिक्षूची. ११८१ साली पुनर्बांधणीचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा त्याचे वय ६० होते. देशात दुष्काळ, चोहीकडे युद्ध, राजकोष रिता. या म्हाताऱ्याने एकचाकी गाड्या करवून घेतल्या आणि गावोगाव वर्गणी मागत फिरायला सुरुवात केली. सम्राटघराण्यापासून शेतकऱ्यापर्यंत ज्याने जे दिले, ते घेतले. महामंदिराच्या खांबांना लागणारे वृक्ष आसपास उरले नव्हते. ते दूर पश्चिमेला सुओ प्रांतात सापडले. तोडून, साबा नदीतून वाहवत आणून, समुद्रमार्गे नाराकडे न्यावे लागले. मूर्तीवर चढवायला सोने हवे, म्हणून साइग्यो हा कवी ११८६ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, थेट उत्तरेकडील ओशू प्रांतात निघाला. वाटेत कामाकुरात त्याची मिनामोतो नो योरितोमोशी गाठ पडली. रात्रभर काव्यावर आणि धनुर्विद्येवर बोलणे झाले. निघताना योरितोमोने त्याला चांदीचे मांजर भेट दिले. साइग्योने ते दाराबाहेर खेळणाऱ्या एका पोराच्या हातात ठेवले आणि वाट धरली. ‘आझुमा कागामी’ या कामाकुरा राजवटीच्या बखरीत ही हकीकत आहे.

महाबुद्धाचे मस्तक पुन्हा ओतायचे तंत्र जाणणारा कारागीर मिळेना, तेव्हा चोगेनने चेन हेचिंग या चिनी कारागिराला कामावर घेतले. ‘परकी कशाला?’ असे कोणी विचारले नाही. काम आपले होते, हात कोणाचेही चालणार होते. ११९५ साली मंदिराचे लोकार्पण झाले, त्या समारंभाला सम्राट आले आणि आता देशाचा शोगुन झालेला योरितोमो पत्नी मासाकोसह आला. त्याने या कारागिराला भेटायला बोलावले. कारागिराने नकार दिला! ज्याच्या हातून इतकी माणसे मारली गेली त्याचे तोंड आपण पाहणार नाही, असा त्याचा निरोप. योरितोमोने त्याचे डोके उडवले नाही. उलट आपले चिलखत, घोडे, सोने, रुपे त्याच्याकडे पाठवले. कारागिराने चिलखत मंदिराच्या खिळ्यांसाठी दिले, एक खोगीर मंदिराला अर्पण केले आणि बाकीचे परत धाडले. ज्याला ‘अंधारयुग’ म्हणून हिणवले जाते, त्या युगातील ही घटना.

योरितोमोला यात राजकीय लाभ दिसत होता, हे उघडच आहे. शत्रूने जाळलेले मंदिर उभारणारा तो धर्मरक्षक ठरणार होता. पण म्हणून चोगेनची एकचाकी गाडी खोटी ठरत नाही.

त्याआधी ११८५ साली, मंदिरावर छप्परही नव्हते तेव्हा, निवृत्त सम्राट गो-शिराकावा परांचीवर चढले आणि नव्या मूर्तीचे डोळे त्यांनी स्वहस्ते रेखले. कुंचला कोणता वापरला? शोसोइन या भांडारात चार शतकांहून अधिक काळ जपून ठेवलेला, बोधिसेनाने ७५२ साली वापरलेला तोच कुंचला. स्मृती जपणे म्हणजे काय, हे ज्यांना कळत नाही त्यांनी या एका कुंचल्याचा अभ्यास करावा.

शिल्पकार उन्केई आणि काइकेई यांनी १२०३ साली मंदिराच्या दक्षिण महाद्वारातील दोन द्वारपाल घडवले. प्रत्येकाची उंची ८ मीटरच्या वर, अनेक लाकडी ठोकळे जोडून केलेले, आणि काम पुरे झाले ६९ दिवसांत! मध्ययुगीन आळशी जनतेला हे कसे जमले, याचा खुलासा आमच्या अग्रलेखकारांनी केला तर बरे होईल.

वाऱ्याला श्रेय, भिंतीला नाही

योरितोमोने सम्राटाला क्योतोत तसेच ठेवून कामाकुरात आपली सत्ता उभारली. सातारचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगायला नको. त्याच्या मागे त्याची पत्नी होजो मासाको ही ‘संन्यासिनी शोगुन’ म्हणून ओळखली गेली. १२२१ साली निवृत्त सम्राट गो-तोबा यांनी कामाकुराविरुद्ध आज्ञा काढली तेव्हा डळमळलेल्या सरदारांना तिने योरितोमोच्या उपकारांची आठवण करून दिली आणि फौज क्योतोवर चालून गेली. १२३२ सालच्या ५१ कलमांच्या ‘गोसेइबाइ शिकिमोकु’ या कायद्याने अपत्यहीन स्त्रीला दत्तक घेऊन जमीन त्याच्या नावे करण्याचा हक्क मान्य केला. पुढे तो हक्क आक्रसत गेला, हेही खरे.

पण या काळातील खरी कसोटी आली ती १२६८ साली. कुब्लाई खानाचे पत्र आले. निम्मे आशिया खंड पायदळी तुडवलेल्या सत्तेचे ते पत्र होते. सख्य करा, नाहीतर शस्त्र उचलावे लागेल, असा त्याचा मथितार्थ. त्याच वर्षी होजो तोकिमुने कामाकुराचा कारभारी झाला. वय अवघे १७-१८! त्याने उत्तरच दिले नाही. १२७४ साली मंगोल आरमार हाकाताच्या उपसागरात उतरले, लढाई झाली, आरमार परतले. १२७५ साली पुन्हा दूत आले. तोकिमुनेने त्यांची मस्तके उडवली. (दूताचा वध आपल्या राजनीतीत निषिद्ध आहे आणि जपानीपणाच्या कौतुकात हे नजरेआड करण्याचे कारण नाही.) १२८१ साली त्याहून कितीतरी मोठे आरमार आले आणि वादळात नष्ट झाले.

येथे आपल्या शालेय ज्ञानाचा पडदा पडतो. ‘दैवी वारा’, कामिकाझे! जपान नशिबाने वाचला. पण हे वादळ येईपर्यंत आरमार समुद्रावर का तरंगत राहिले? उतरता का आले नाही? कारण १२७६पासून हाकाताच्या किनाऱ्यावर सुमारे २० किलोमीटर लांबीची दगडी तटबंदी उभी राहिली होती. क्युशूच्या प्रांताप्रांताला तिचा भाग वाटून दिला होता. ज्याची जितकी जमीन, तितकी त्याने भिंत बांधायची. तिचे अवशेष आजही पाहता येतात. लहान लहान नावांतून रात्री शत्रूच्या जहाजांवर छापे घालणारे योद्धे निराळेच. वारा आला तो या सर्वांनंतर.

ताकेझाकी सुएनागा हा असाच एक किरकोळ सामुराई. १२७४च्या लढाईत तो मूठभर साथीदारांसह पुढे घुसला, पण बक्षीस मिळेना. तेव्हा घोडा-खोगीर विकून त्याने वाटखर्च उभा केला, कामाकुरा गाठले, वरिष्ठांपुढे आपली फिर्याद मांडली आणि जमीन व घोडा मिळवून परतला. पुढे या साऱ्याची त्याने चित्रपट्टिका करवून घेतली. मंगोल आक्रमणाचे समकालीन चित्रण म्हणून जग आज तिच्याकडे पाहते. देशासाठी लढणारा माणूस घरच्या अडचणीने गांजलेलाही असतो, हे ती चित्रे सांगतात. कामाकुराकडे वाटायला नवी जमीन नव्हती; बचावाच्या युद्धात लूट नसते. सरदारांचा असंतोष वाढत गेला आणि १३३३ साली ती राजवट कोसळली. तोकिमुने त्याच्या कितीतरी आधी, १२८४ साली, तिशी ओलांडताच गेला.

जाण्यापूर्वी, १२८२ साली, त्याने चीनहून आलेल्या मुगाकु सोगेन या गुरूसाठी कामाकुरात एंगाकुजी मठ उभारला. युद्धात पडलेल्यांच्या शांतीसाठी. त्यात जपानी होते आणि मंगोलही. पुढच्या शतकात आशिकागा ताकाउजीने जो सम्राट गो-दाइगो यांना सत्तेवरून दूर केले, त्यांच्याच आत्म्यासाठी मुसो सोसेकी या भिक्षूच्या सांगण्यावरून क्योतोत तेनर्युजी बांधले. झेआमी या नोह नाट्यकाराने ‘आत्सुमोरी’ लिहिले, त्यातील नायक हरलेल्या बाजूचा कोवळा योद्धा आहे. त्याला मारणारा भिक्षू होऊन त्याच्यासाठी प्रार्थना करतो. ज्या झेआमीला शोगुन योशिमित्सूने डोक्यावर घेतले, त्याच झेआमीला पुढच्या एका शोगुनने १४३४ साली, सत्तरी उलटल्यावर, सादो बेटावर हद्दपार केले. राज्यकर्त्यांची कृपा किती टिकते, हे कलावंतांनी तेव्हाही अनुभवले होते.

राष्ट्र ही कोणाची देणगी?

‘राष्ट्र’ ही कल्पनाच मुळी १८व्या-१९व्या शतकातील युरोपची, त्याआधी फक्त राजे आणि त्यांची प्रजा होती, हा आपल्या विद्यापीठांतील आणखी एक लाडका सिद्धान्त. किताबाताके चिकाफुसाचे काय करायचे? १३३९ साली, हिताची प्रांतातील ओदाच्या किल्ल्यात, शत्रूच्या दबावाखाली, पराभवाच्या छायेत त्याने ‘जिन्नो शोतोकी’ लिहिले. जपान ही देवभूमी आहे, या प्रतिज्ञेने ते सुरू होते. विश्वाच्या उत्पत्तीविषयी भारत काय सांगतो, चीन काय सांगतो, हे मांडून मग तो आपल्या देशाचे वेगळेपण दाखवतो. फ्रेंच राज्यक्रांतीला तेव्हा साडेचारशे वर्षे अवकाश होता! आधुनिक राष्ट्रराज्याची यंत्रणा त्यात नाही, हे खरे. पण भूमी, परंपरा आणि त्यांच्याशी असलेली निष्ठा यांची जाणीव युरोपातून आयात झाली, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

गो-दाइगोंसाठी आकासाका आणि चिहायाचे डोंगरी किल्ले मूठभर माणसांनिशी लढवणारा कुसुनोकी मासाशिगे १३३६ साली मिनातोगावाच्या लढाईत पडला. बेत चुकीचा आहे हे तो जाणून होता. आज्ञा झाली म्हणून गेला. आणि ज्या मेइजी शासनाने ‘मध्ययुग फेकून दिले’ असे सांगितले जाते, त्याने १८७२ साली कोबे येथे याच मासाशिगेचे मंदिर उभारले. त्याच १८७२ साली शिम्बाशी ते योकोहामा ही जपानची पहिली आगगाडी धावली. आगगाडी आणि देऊळ, एकच वर्ष, एकच सरकार! ‘देवळे की कारखाने?’ हा प्रश्न जपानला पडलाच नाही.

यावर प्रतिपक्ष एक आक्षेप घेईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हाच चिकाफुसा, हाच मासाशिगे १९३०नंतरच्या लष्करशाहीने पोरांच्या तोंडी घातला. १९४४ साली विमानासह शत्रूच्या जहाजांवर कोसळणाऱ्या तरुणांच्या पथकांना ‘कामिकाझे’ हे नाव दिले. हे घडले, आणि त्याची किंमत आशियाने मोजली, जपाननेही मोजली. परंतु किल्ल्यात अडकलेल्या माणसाचा ग्रंथ आणि त्याचा सहा शतकांनंतर सत्ताधाऱ्यांनी केलेला वापर, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्याहून अधिक बोचणारी गोष्ट दुसरीच आहे. १८६८ साली ‘शुद्ध’ शिंतोच्या नावाखाली मंदिरांतून बौद्ध देवता वेगळ्या काढण्याचा हुकूम निघाला. कोफुकुजीचा मठ ओस पडला. एनोशिमा बेटावर योरितोमोने ११८२ साली जिची प्रतिष्ठा करवली होती, त्या बेनझाइतेनचे, म्हणजे आपल्या सरस्वतीचे, अधिकृत स्थान गेले आणि तेथे शिंतो देवता आल्या. म्हणजे शुद्धीच्या अतिरेकात जपानी राष्ट्राभिमानाने स्वतःचेच हजार वर्षांचे धन अंगणात फेकले. हा धडा ‘त्यांच्या’साठी नाही, अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

गोव्याचे पत्र

तोयोतोमी हिदेयोशी हा शेतकऱ्याच्या घरातून आलेला पोरगा देशाचा अधिपती झाला. ज्या गोव्यात १५४०च्या दशकात तिसवाडीतील आणि १५६०च्या दशकात साष्टीतील देवळे पाडली गेली, मंगेश आणि शांतादुर्गा रातोरात नदीपार हलल्या, १५६० साली इन्क्विझिशन आले, त्याच गोव्याहून फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमाला पोहोचला होता. ओमुरा सुमितादा या धर्मांतरित सरदाराने आपल्या मुलुखातील मंदिरे नष्ट केली आणि १५८० साली नागासाकी बंदरच जेझुइटांच्या स्वाधीन केले. १५८७ साली हिदेयोशीने पाद्र्यांना २० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम काढला. व्यापार मात्र चालू ठेवला. जपानी माणसे गुलाम म्हणून परदेशी विकण्यासही त्याने बंदी घातली.

गोव्याच्या व्हाइसरॉयचे १५८८ सालचे सजवलेले पत्र १५९१ साली त्याच्या दरबारात पोहोचले. ते आजही क्योतोच्या म्योहोइन मंदिरात राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन केले आहे. उत्तरात हिदेयोशीने कळवले की, आमची ही देवांची भूमी आहे. जे तत्त्व भारतात बुद्धाच्या, चीनमध्ये कन्फ्यूशियसच्या मार्गाने प्रकटले, तेच येथे शिंतो म्हणून नांदते. गोव्यात बसून कोकणी देवळांच्या दगडांवर चर्च उभारणाऱ्या सत्तेला भारताचे हे वर्णन एका जपानी शेतकऱ्याच्या मुलाकडून ऐकावे लागले!

म्हणून हिदेयोशीला देव्हाऱ्यात बसवायचे काय? मुळीच नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना त्याच्या आज्ञेने क्रुसावर चढवून मारले, त्यात गोन्सालो गार्सिया हा आपल्या वसईत जन्मलेला दुभाषी होता. धर्मप्रसाराच्या राजकारणाला विरोध करताना त्या माणसाच्या धैर्याला उणे लेखण्याचे कारण नाही. वसईकर आजही त्याचे स्मरण करतात. १५९२ आणि १५९७ साली हिदेयोशीने कोरियावर केलेली आक्रमणे तर निव्वळ राज्यलोभ होता. मारलेल्यांची कापून आणलेली नाके पुरल्याचा ढिगारा क्योतोत आजही आहे. आणि सेन नो रिक्यू, ज्याने दोन चटयांच्या खोलीत चहाच्या एका पेल्याला साधनेची प्रतिष्ठा दिली, त्यालाही १५९१ साली याच धन्याने आत्महत्येची आज्ञा केली. परकी प्रभावाला रोखणारा राजा स्वजनांशी न्यायाने वागतोच असे नाही.

आता थोडे स्वकीयांविषयी. जपानी देवता आपल्या, ध्यान आपले, म्हणजे जपान आपलाच, अशी व्याख्याने आपल्या बैठकांतही होतात. बोंतेन म्हणजे ब्रह्मा आणि ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, हे खरेच आहे. पण तेथील सरस्वतीच्या हाती वीणा नाही, बिवा आहे. ती त्यांनी आपली करून घेतली. निचिरेनने तर १२८० साली लिहून ठेवले की, चंद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो तसा धर्म भारतातून जपानला आला, आता सूर्याप्रमाणे तो जपानमधून भारताकडे परतेल. मुंबईत वरळीच्या जपानी मंदिरात ढोलाच्या तालावर होणारा सद्धर्मपुंडरीकाचा जप हा त्याच्याच परंपरेतला. ते आपल्याकडे शिकायला आलेले नाहीत, परतफेड करायला आलेले आहेत!

क्योतोजवळच्या कोझानजीचा म्योए (११७३–१२३२) हा भिक्षू बुद्धाच्या भूमीच्या ओढीने झुरत होता. समुद्रकिनाऱ्यावरचा एक दगड तो जवळ बाळगी. जे पाणी भारताच्या किनाऱ्याला लागते तेच याला लागले, एवढ्यासाठी. दोनदा त्याने निघायचे ठरवले आणि दोनदा कासुगा देवतेच्या कौलाने त्याला रोखले. तरी त्याने चांगआनपासून राजगृहापर्यंतच्या वाटेचा हिशेब मांडला होता. रोज ८ री चालले तर सुमारे १००० दिवस. नववर्षाच्या पहिल्या दिवशी निघाले तर तिसऱ्या वर्षी पोहोचता येईल. तो कागद कोझानजीने जपून ठेवला.